साडेसहाचा दाखला

नाशिकात कॉलेज रोडच्या लगत एका चौकाला कॅनडा कॉर्नर म्हणतात. हे नाव कोणी कोणत्या हेतूने दिले असेल ते असो. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्या चौकाच्या आसपास, दवाखाने, पुस्तकांची दुकाने आणि स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिका यांच्या दाटीतून वाट काढीत, परदेशी विद्यापीठांत प्रवेश मिळवून देणाऱ्यांच्या आणि त्या प्रवेशासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करवून घेणाऱ्यांच्या ज्या पाट्या एकीवर एक चढत गेल्या, त्या पाहता नाव देणाऱ्याला दूरदृष्टी होती असेच म्हणावे लागेल. या योगायोगात आणखी एकाची भर घालता येते. परीक्षेच्या दिवशी उमेदवाराची ओळख पटविण्यासाठी जे पारपत्र दाखवावे लागते, आणि ज्याच्यावाचून हजेरीपटावर नाव असूनही त्याला दारातून परत फिरावे लागते, त्या पारपत्राची पुस्तिका आमच्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. म्हणजे परदेशगमनाचा परवाना नाशिकचा, आणि परवानाधारकाच्या इंग्रजीची सनद केंब्रिजची किंवा प्रिन्स्टनची, अशी ही वाटणी आहे. आणि या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत माझ्यासारख्या निवृत्त प्राध्यापिकेने आपल्या उत्तरायुष्यातील बरीच वर्षे काढली.

महाविद्यालयात मी इंग्रजी वाङ्मय शिकवीत असे. हार्डीच्या कादंबऱ्या आणि शेक्सपिअरची दोन-तीन नाटके यांच्या आधारावर माझी नोकरी पार पडली, आणि सेवानिवृत्तीची कागदपत्रे दप्तरात जमा होऊन वर्ष लोटते न लोटते तोच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, ज्याने स्वतःचा क्लास काढला होता, आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना लेखन आणि संभाषण शिकविण्याची विनंती केली. वाङ्मयाच्या वर्गात शंभर मुले समोर बसत, आणि त्यांतील एकानेही आपण होऊन तोंड उघडल्याचे मला फारसे आठवत नाही. येथे एका टेबलापलीकडे एकच मूल बसणार आणि त्याने बोललेच पाहिजे, अशी ही नवी तजवीज होती. मला तिचे कुतूहल वाटले आणि मी होकार दिला.

परीक्षेची रचना एकदाची सांगून टाकते, कारण ती रुक्ष आहे. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे तिचे चार भाग. प्रत्येकाला शून्य ते नऊ यांमधील बँड. चारांची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्यावर नेतात, आणि सव्वासहा आले तर उदार होऊन साडेसहा करतात. विद्यापीठे साधारणतः सहा किंवा साडेसहा मागतात, काही सात मागतात, आणि बहुतेकांची पोटअट अशी की कोणताही एक भाग अमुक बँडच्या खाली असता कामा नये. निकालाची मुदत दोन वर्षे. ती उलटली की तुमचे इंग्रजी कायद्याने नाहीसे होते. शुल्क आज सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे. पूर्वी परीक्षेसाठी मुंबई किंवा पुणे गाठावे लागे, तेव्हा आदल्या दिवशी पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन कोणा आत्या-मावशीकडे मुक्काम करावयाचा आणि रात्रभर झोप न आलेल्या अवस्थेत सकाळी केंद्र शोधावयाचे, हा शिरस्ता होता.

या कामात पडल्यावर मला पहिल्यांदा जे उमगले ते मराठी माध्यमातून आलेल्या मुलांविषयी. लोकांचा समज असा की ही मुले सर्वच बाबतींत मागे असणार. प्रत्यक्षात श्रवणाच्या परीक्षेत, जेथे ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवितात आणि ऐकता ऐकता तक्ता भरावयाचा असतो, तेथे ही मुले पुष्कळदा इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मागे टाकीत. कारण कोणा शिस्तीच्या गुरुजींनी पाचवीपासून दररोज दहा शब्द पाठ करून घेतलेले असत, आणि स्पेलिंगची एक चूक म्हणजे एक गुण गेला असा या परीक्षेचा निष्ठुर नियम आहे. इंग्रजी माध्यमाची मुले सफाईने बोलत. परंतु ऐकलेला शब्द लिहिताना त्यांची लेखणी अडे, आणि दोनच शब्द लिहा असे बजावले असता ती हटकून तीन लिहीत. अर्थात हा हिशेब संभाषणाच्या टेबलापाशी येताच उलटा होत असे, आणि त्याविषयीच मला मुख्यतः लिहावयाचे आहे. परंतु त्याआधी वाचनाच्या परीक्षेतील एका प्रश्नप्रकाराविषयी थोडे विस्ताराने सांगण्याचा मोह आवरत नाही.

त्या प्रश्नप्रकारात उताऱ्याखाली काही विधाने देतात आणि प्रत्येकापुढे तीनांपैकी एक उत्तर मागतात: खरे, खोटे, किंवा ‘नॉट गिव्हन’, म्हणजे उताऱ्यात याविषयी काही सांगितलेले नाही. आमच्या मुलांची जेवढी शक्ती या तिसऱ्या उत्तरापायी खर्ची पडली तेवढी सगळ्या व्याकरणापायी पडली नसेल. मी सरावासाठी स्वतः काही उतारे रचीत असे, आणि मुलांना परिचित वाटावा म्हणून एकदा कांद्याच्या साठवणुकीवर एक रचला. वर्गात लासलगावच्या बाजूचा एक मुलगा होता, घरची शेती, स्वतः यंत्र-अभियंता. उताऱ्यात थंड प्रदेशांतील कोठारांचे वर्णन होते, तापमानाचे आकडे होते. खाली एक विधान असे की वारा न खेळणाऱ्या जागी ठेवलेला कांदा लवकर सडतो. त्याने ‘खरे’ असे लिहिले. मी ते खोडले. तो उभा राहिला.

“मॅडम, पण सडतोच की! चाळीत खालून हवा नाही लागली तर महिन्यात वास सुटतो. आमची एक अख्खी चाळ गेली होती.”

“उताऱ्यात कुठे म्हटलंय ते दाखव.”

“उताऱ्यात कशाला पाहिजे? मी पाहिलंय ना!”

वर्ग हसला, परंतु मला त्याच्या संतापात एक न्याय्य अंश दिसला. कांदाचाळीत उभे राहून ज्याने नुकसान सोसले त्याला, कागदावर नाही म्हणून तुझे ज्ञान जमेस धरता येत नाही, असे सांगणे हे एखाद्या कोडग्या दप्तरशाहीसारखे वाटावे यात नवल नाही. तरीही मी माझा हेका सोडला नाही, कारण पंचनामा करणारा तलाठी जसे डोळ्यांसमोर असेल तेवढेच लिहून घेतो आणि गावात सर्वांना ठाऊक असलेली गोष्टदेखील पंचांच्या सहीवाचून कागदावर येऊ देत नाही, तसेच या वाचनाचे आहे. येथे तुम्हाला काय माहीत आहे हे कोणी विचारीत नाही, लिहिणाराने काय म्हटले आणि काय म्हटले नाही एवढेच विचारतात. आपल्याकडे वाचन म्हणजे मजकुराशी सहमत होणे, किंवा त्यात आपल्या पदरची भर घालून तो पुरा करणे, अशी वहिवाट पडून गेली आहे. लेखक गप्प राहिला तेथे आपणही थबकावे ही सवय आमच्या शाळांनी लावलेली नाही, आणि मी महाविद्यालयात इतकी वर्षे शिकविले तेथेही ती लागल्याचे मला दिसले नाही. एका परकीय संस्थेच्या गुणपत्रिकेपायी ती लावावी लागली, हे मला मान्य केलेच पाहिजे. आणि या परीक्षेवर जे अनेक आक्षेप मी मनात बाळगून आहे, त्यांच्या विरुद्ध बाजूस ही एक नोंद मी नेहमी ठेवीत आले आहे.

आता संभाषणाकडे येते. अकरा ते चौदा मिनिटे परीक्षकासमोर बसावयाचे. आरंभी घरदार, छंद, आवडीनिवडी यांविषयी प्रश्न. मग एक कार्ड हाती देऊन, एका मिनिटाच्या तयारीनंतर, दोन मिनिटांपर्यंत सलग बोलण्याचे फर्मान. आणि शेवटी त्याच विषयाला धरून जरा खोलातली चर्चा. गुण देताना मत बरोबर की चूक हे पाहत नाहीत. ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार हे चारच पाहतात. नियम इतका उदार असता आमची मुले अडत कोठे, तर मत असण्यापाशीच. एकटे राहणे आवडते की चारचौघांत, सकाळ बरी वाटते की संध्याकाळ, गावात राहावे की शहरात, असले प्रश्न विचारले की त्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटे तो इंग्रजी न येण्याचा नसे. हे मला का विचारता, माझ्या आवडीनिवडीशी तुम्हाला काय कर्तव्य, असा काहीसा गोंधळून गेलेला संकोच त्यात असे. उत्तर येई ते एका वाक्याचे, आणि वाक्य संपले की मूल हात जुळवून पुढल्या हुकुमाची वाट पाही.

निफाड तालुक्यातल्या एका मुलीचे उदाहरण मला अगदी जवळून पाहता आले. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतलेली, आयर्लंडमध्ये अन्नशास्त्र शिकण्याची इच्छा असलेली, वाचन-लेखनात चोख, परंतु बोलावयास बसली की तोंडाला कुलूप. तिचे वडील एकदा तिला सोडावयास आले तेव्हा दारात उभे राहून म्हणाले, “मॅडम, घरी ही आमचं कोणाचं काही चालू देत नाही, अन् इथं तोंड का उघडीत नाही?” प्रश्न मोठा मार्मिक होता आणि त्याचे उत्तर पुढे तिनेच दिले. ऑक्टोबरच्या सुमारास ती काही दिवस आली नाही. आल्यावर मी कारण विचारले, इंग्रजीतच विचारले, आणि तिने सांगितले की बागेत छाटणी चालू होती. मी म्हटले, छाटणी म्हणजे काय करतात ते सांग. शहरातल्या बाईला काही ठाऊक नसते.

मग तिने जे सांगितले ते मी घड्याळ न लावता ऐकले. एप्रिलातली खरड छाटणी वेगळी आणि पावसाळा संपतानाची गोडी छाटणी वेगळी. पहिलीने काडी तयार होते आणि दुसरीने घड. वडील चांगल्या दराच्या आशेने छाटणी लवकर धरू पाहतात, कारण माल आधी निघाला तर दर चढा मिळतो. परंतु घड कोवळे असताना परतीचा पाऊस झोडपून गेला तर डाउनी रोग पडतो आणि फवारणीच्या खर्चात तो चढा दर वाहून जातो. तेव्हा चार पैसे कमी मिळाले तरी छाटणी उशिरा धरावी असे तिचे म्हणणे, आणि गेली दोन वर्षे या गोष्टीवरून घरात वाद. बोलताना तिने वर्तमानकाळ आणि भूतकाळ यांची यथेच्छ सरमिसळ केली, थिनिंग, डिपिंग, जीए हे शब्द जसे घरी म्हणतात तसेच म्हटले, आणि एकदा तर मला उत्तर देण्याऐवजी अनुपस्थित वडिलांनाच इंग्रजीत खडसावले. परीक्षकाने यावर काय दिले असते ते मला ठाऊक आहे. व्याकरणाचे थोडे कापले असते आणि ओघाचे भरभरून दिले असते.

मुलगी मुकी नव्हती, आणि तिच्याजवळ इंग्रजी नव्हते असेही नाही. ज्या विषयात तिचे काही पणाला लागले होते त्यात तिला मत होते, आणि ते मत कोणाच्या तरी विरुद्ध होते. ज्याच्याशी मतभेद संभवत नाही अशा परक्या माणसापुढे, सकाळ बरी की संध्याकाळ यासारख्या निरुपद्रवी विषयावर मत देणे, हे तिला निरर्थक वाटत होते. आणि मला विचाराल तर ते काहीसे निरर्थक आहेच. त्यानंतर आम्ही एक युक्ती केली. प्रत्येक क्षुल्लक प्रश्नात तिने प्रथम एक प्रतिपक्ष शोधावयाचा, सकाळ म्हणणारी आजी आणि संध्याकाळ म्हणणारा भाऊ, आणि मग त्याच्याशी भांडावयाचे. संभाषणात तिला साडेसहा मिळाले. परीक्षकाने मध्येच तोडले म्हणून ती रडत बाहेर आली होती. परीक्षकाला वेळेचे बंधन असल्यामुळे तो भरधाव बोलणाऱ्यालाही तोडतो, हे मी दहादा सांगूनही कोणाच्या मनात ठसत नाही.

निफाडचे नाव निघाले म्हणून आठवते. न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म १८४२ साली याच निफाडचा. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालची. त्या परीक्षेत जे मोजके तरुण उत्तीर्ण झाले त्यांत रानडे होते. परक्या भाषेत प्रावीण्य दाखवून विद्यापीठाच्या दारातून आत जाणे, हा प्रकार मराठी माणसाच्या वाट्याला प्रथम आला तो असा, आणि त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नव्हता. परंतु मला ज्या हकिकतीचे महत्त्व वाटते ती नंतरची. एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी अंमलाला उणे लेखले, तेव्हा प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना बोलावून समज दिली आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितलेले आहे. ग्रँट हे अरिस्टॉटलचे नामांकित अभ्यासक आणि रानड्यांच्या गुणांचे चाहते. तरीही तरुणाच्या इंग्रजीचे कौतुक आणि त्याच इंग्रजीत मांडलेल्या मताला दंड, असा तो व्यवहार झाला. आज त्याच भाषेच्या परीक्षेत, लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नाखाली, तुम्ही कितपत सहमत वा असहमत आहात असे प्रत्येकाला विचारतात, आणि दंड होतो तो मत न देणाऱ्याला. दीडशे वर्षांत परीक्षक पालटला. आमचे शिक्षण मात्र त्या सहा महिन्यांच्या धसक्यातून अद्याप बाहेर पडले नसावे, असे मला पुष्कळदा वाटते.

लेखनाची परीक्षा एक तासाची. पहिल्या प्रश्नात एखादा आलेख देऊन दीडशे शब्दांत त्याचे वर्णन मागतात, आणि तेथे स्वतःचे मत घालण्यास सक्त मनाई. दुसऱ्यात अडीचशे शब्दांत मतच मागतात, आणि त्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट. एकाच तासात आधी जीभ आवरावयाची आणि मग सोडावयाची, ही कसरत मुलांना जमत नसे. आलेखात पाण्याचा वापर वाढलेला दिसला की ती लोकसंख्यावाढीवर घसरत. आणि निबंधात मत मागितले की ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ असा आरंभ करून दोन्ही बाजूंना समान न्याय देत कोणालाही न दुखविता बाहेर पडत. यावर बाजाराने तोडगा काढला होता. तयार वाक्यांचे साचे छापील मिळत, विषय कोणताही असो, रिकाम्या जागी तेवढा भरावयाचा. हे साचे परीक्षकांना आमच्यापेक्षा अधिक पाठ असतात, आणि पाठांतर ओळखण्याचे शिक्षण त्यांना दिलेले असते. मी माझ्या मुलांना नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात पाठवीत असे. १८४० साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत बसून इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख वाचावा आणि त्यातले एक तरी वाक्य आपल्याला का पटले नाही ते लिहून आणावे, एवढेच काम. पहिल्या आठवड्यात सर्वांनाच सर्व काही पटलेले असे.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांची अडचण निराळी. त्यांना मते होती, हवी तेवढी होती, आणि ती सर्व एकाच दुकानातून आणलेली होती. पर्यावरण, समाजमाध्यमे, स्त्रीशिक्षण, कशावरही विचारा; सफाईदार उत्तर हजर, आणि ‘असे का’ म्हटले की शांतता. यांच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

या परीक्षांचा पूर्वेतिहास वाचला तेव्हा माझी थोडी करमणूक झाली. केंब्रिजने परकीयांसाठी प्रावीण्याची पहिली परीक्षा १९१३ साली घेतली, ती सुमारे बारा तासांची होती. तीत भाषांतर, निबंध, ध्वनिशास्त्र असे सगळे होते, तीनच उमेदवार बसले, आणि तिघेही नापास झाले. अमेरिकेत टोफेल सुरू झाली १९६४ साली. आयल्ट्सचे आजचे नाव १९८९ सालचे. त्याआधी जे गेले ते कशाच्या बळावर गेले? आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस पोचल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाला त्यांनी एक पत्र लिहिले. आपल्या देशातल्या स्त्रियांना स्त्री-वैद्याची किती गरज आहे आणि त्यासाठी आपण काय निश्चय करून आलो आहोत हे त्यात होते, आणि त्या पत्रावर डीन रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. आज असे पत्र प्रत्येक विद्यार्थ्याला लिहावे लागते, त्याला एस. ओ. पी. म्हणतात, आणि कॅनडा कॉर्नरपासून हाकेच्या अंतरावर ते लिहून मिळते. आनंदीबाईंचे पत्र त्यांचे स्वतःचे होते यावर बॉडलीबाईंनी विश्वास ठेवला. तो विश्वास उरला नाही म्हणून परीक्षा आली.

आणि परीक्षेवरचाही विश्वास किती टिकला? २०१४ साली बी. बी. सी.च्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमाने इंग्लंडातील काही केंद्रांवर टोइक या परीक्षेस तोतये बसविले जात असल्याचे उघडकीस आणले, आणि त्यानंतर ब्रिटिश गृहखात्याने तीस हजारांहून अधिक जणांचे निकाल अवैध ठरविले. त्यांत लबाड होते तसे निरपराधही होते, भारतातून गेलेले पुष्कळ होते, आणि काहींना आपले इंग्रजी आपलेच आहे हे शाबीत करण्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. जी फिर्याद ते अस्खलित इंग्रजीत मांडीत होते, ती फिर्याद हाच पुरावा मानावा असे कोणाला वाटले नाही. बोटांचे ठसे, छायाचित्रे आणि ठायी ठायी कॅमेरे हे आता परीक्षेचे नित्याचे उपचार झाले आहेत. आणि २००९ साली आलेल्या पीटीई या परीक्षेत तर बोलणे ऐकून गुण देण्याचे कामही यंत्राकडे गेले. लाजाळू मुलांना यंत्र बरे वाटते, कारण ते डोळ्यांत पाहत नाही. माझा कल माणसाकडे आहे. ज्याला आपले म्हणणे पटण्याची किंवा न पटण्याची शक्यताच नाही, त्याच्यापुढे मत मांडणे म्हणजे काय, हे मला समजत नाही.

अलीकडे वर्गाची वस्ती पालटली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थ्यांसाठीची आपली जलद परवान्याची योजना बंद केली, त्याआधी परवान्यांच्या संख्येलाही मर्यादा घातली, आणि ज्या पाट्यांवर मेपलचे लाल पान होते त्यांवर जर्मनी आणि आयर्लंड यांची नावे आली. सातपूरच्या कारखान्यांत ज्यांचे वडील नोकरीस होते अशी मुले आता जर्मनच्या बी-वन, बी-टू पायऱ्या चढू लागली आहेत. मी जर्मन शिकविण्याच्या वयात नाही. माझ्याकडे मुले कमी येतात, आणि येतात त्यांत शिष्यवृत्तीवर जाऊ पाहणारी अधिक असतात. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकातच असल्यामुळे त्या खात्याच्या परदेशी शिष्यवृत्तीसाठी अर्ज घेऊन खेटे घालणारी मुले क्लासची चौकशी करीत माझ्यापर्यंत पोचतात.

असा एक मुलगा सुरगाणा तालुक्यातून आला. घरी कोकणा बोली, आश्रमशाळेत मराठी, पलीकडे सीमेवरच्या बाजारात गुजराती, आणि अभियांत्रिकीला इंग्रजी. पावसाळ्यात धो धो कोसळून उन्हाळ्यात बायकांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावयास लावणारा तो मुलूख. याला इंग्लंडात जलव्यवस्थापन शिकावयाचे होते. श्रवण, वाचन उत्तम; लेखन अडे. मी त्याला सरावासाठी एक नेहमीचा विषय दिला: जगातल्या अनेक भाषा नष्ट होत आहेत, आणि भाषा कमी झाल्या तर जगणे सोपे होईल असे काहींना वाटते, आपण कितपत सहमत आहात? खरे सांगावयाचे तर विषय निवडताना हा मुलगा आपल्या बोलीची कैफियत कळकळीने मांडील अशी माझी अपेक्षा होती, आणि ती कशी मांडावी याची टिपणेही मी मनात करून ठेवली होती.

त्याने पूर्णपणे सहमत असे लिहिले. त्याच्या आजीला तालुक्याच्या कचेरीत जमिनीच्या दाव्यासाठी हेलपाटे घालावे लागत. कारकुनाची मराठी तिला नीट उमजत नसे आणि तिची बोली कारकुनाला, दुभाषा म्हणून जो कोणी भेटे तो पैसे घेई, आणि एकदा त्याने चुकीचे सांगितल्यामुळे तारीख हुकली. ज्यांना भाषा जपावयाची हौस आहे त्यांची कामे कचेरीत अडत नाहीत, असे एक वाक्य त्यात होते. इंग्रजी निर्दोष नव्हते. परंतु तर्क कोठेही सुटला नव्हता आणि छापील साच्यातला एक शब्द नव्हता.

मी त्याच्याशी वाद घातला. दोष बोलीचा नसून कारकुनाचा आहे, कचेरीने दुभाषा ठेवावयास हवा होता, आजी गेली की तिच्याबरोबर रानातल्या झाडापाल्यांची किती नावे जातील याचा विचार केलास का, असे मी बरेच बोलले. बोलता बोलता माझा आवाज थोडा चढलाही असेल. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, “मॅडम, मत तुम्हीच मागितलं होतं.”

मी त्या निबंधाला सात बँड दिले आणि समासात माझे दोन आक्षेप लिहिले. पुढच्या आठवड्यात वही परत आली तेव्हा त्यांपैकी दुसरा त्याने मान्य केला होता; पहिल्यासमोर, कारकुनाविषयीच्या, त्याने इंग्रजीत लिहिले होते की आपण त्या कचेरीत कधी गेलेल्या दिसत नाही.